वाढवलेला वेग

आमच्या ह्यांना घाई जन्मजात. बस डेपोत वेळापत्रक सांभाळण्यात सगळी नोकरी गेली. गाडी जरा उशिरा सुटली तरी हे डेपो डोक्यावर घ्यायचे. निवृत्त झाल्यावर गाड्या संपल्या, मग घरातल्या माणसांना वेळेवर सोडायला लागले. मी पडदे शिवते. माझं शिलाई मशीन आणि ह्यांचा कॉम्प्युटर एकाच खोलीत, एकाच खिडकीखाली, त्यामुळे भांडायलाही लांब जावं लागत नाही.

मुलीला घरात आम्ही वकीलबाई म्हणतो. शिकली नकाशे काढायला, पण वादात कुणाला हार जायची नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचे पाय दगा द्यायला लागले. स्नायू हळूहळू अशक्त होत जाण्याचा आजार आहे, त्यावर औषध नाही, शोध चालू आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

शोध कुठे चालू आहे ते ह्यांनीच धुंडाळून काढलं. काही शास्त्रज्ञ ह्याच आजारावर औषध शोधत होते. त्यांचं गणित एवढं अवाढव्य होतं की त्यांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले होते. ज्याच्या घरी कॉम्प्युटर रिकामा असेल त्याने एक तुकडा घ्यायचा, कॉम्प्युटरकडून सोडवायचा, उत्तर परत पाठवायचं. सगळं फुकट, हौसेने. ह्यांनी त्याच दिवशी नाव नोंदवलं.

मला आधी हसूच आलं. भाजी आणायला सांगितली की कंबर धरून बसणारा माणूस शास्त्रज्ञांना मदत करणार! पण खरं सांगते, दिवसभर घरघरणारा तो डबा पुढे मला आवडायला लागला. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि आमच्या खिडकीखाली निदान काहीतरी चालू होतं.

मग ह्यांना तोही वेग पुरेना. दुरुस्तीच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरचा वेग कारखान्याने ठरवून दिला होता त्याच्याही वर चढवून आणला. डबा असा तापायला लागला की खोलीत बसवेना. मी कुरकुरले, तर म्हणाले, "अगं, आता तुकडे किती पटापट होतात ते बघ!" रोज चहाच्या वेळी किती तुकडे पूर्ण झाले ते वाचून दाखवायचे.

तशात वकीलबाईंना नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, नकाशांच्या कार्यालयात. मैत्रिणीबरोबर खोली, कार्यालयात लिफ्ट, सगळी चौकशी तिने आधीच करून ठेवली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"एक वर्ष थांब," हे म्हणाले. "औषध निघू दे, पायावर उभी राहा, मग खुशाल जा."

"पायावरच उभी आहे, बाबा."

मी सुईत दोरा ओवत बसले. तोंड उघडलं असतं तर कुणाची तरी बाजू घ्यावी लागली असती, आणि मलाही ती जायला नको होती. ह्यांच्या हट्टाच्या आड मी आपली गुपचूप बसून होते.

रविवारी दुपारी वाद हातघाईवर आला. "थांब, तुला दाखवतोच," म्हणत ह्यांनी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "हा आकडा बघ. एकट्या आपल्या घरातून एवढं काम झालंय. औषध आता काय लांब आहे?"

"हे झालेले तुकडे, बाबा. त्यांनी स्वीकारलेले किती?"

"झालं म्हणजे झालं. स्वीकारलं काय आणखी?"

तिने दुसरं पान उघडलं. हे त्या पानावर कधी गेलेच नव्हते. वरपासून खालपर्यंत लाल ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द. अमान्य.

ती वाचत गेली आणि आम्हाला सांगत गेली. प्रत्येक तुकडा एकमेकांना अनोळखी अशा दोन घरी पाठवतात. दोघांची उत्तरं जुळली तरच धरतात. नाही जुळली तर तिसऱ्याकडून करून घेतात आणि चुकलेलं टाकून देतात. वेग वाढवल्यापासून आमच्या कॉम्प्युटरची जवळजवळ सगळी उत्तरं चुकली होती. मला ते लगेच कळलं. शिलाई मशीन फार पळवलं की टाके सुटतात, आणि वरून बघणाऱ्याला शिवण सरळच दिसते.

"म्हणजे इतके दिवस..." ह्यांनी लाल ओळींवर बोट ठेवलं.

"कुणाचं वाईट नाही झालं, बाबा. फक्त कुणालातरी तेच काम परत करावं लागलं."

"म्हणजे मी उशीर केला."

ह्या एका शब्दासाठी ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना फैलावर घेतलं होतं. आज तो त्यांच्याच तोंडून बाहेर पडला.

मग हे तिच्याकडे न बघता बोलले, "तुझ्या पायांचं दुखणं थांबत नाही ना गं. गेल्या वर्षी तू बाजारापर्यंत जायचीस. आता कोपऱ्यावरच दमतेस. मला दिसतं. पाय पुरते जायच्या आधी औषध पोचायला हवं होतं, म्हणून वेग वाढवला."

"मलाही दिसतं," ती म्हणाली. "म्हणून तर आत्ता जायचंय, चालता येतंय तोवर. औषध आलं तर कुठेही असले तरी घेईन. नाही आलं, तर निदान मी कुठेतरी जाऊन आलेली असेन."

आता कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते ह्यांच्याने होणार नव्हतं. मी सुई पडद्यात खोचली.

"होकार कळव," मी म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर. उद्यापर्यंत माझी मती फिरायची."

तिने कळवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही हा माझा समज. बाकी घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ह्यांनी सोमवारीच वेग उतरवून आणला. डबा थंड झाला, तुकडे कमी झाले. काही दिवसांनी त्या पानावर परत एक मान्य ओळ उमटली. कुठल्या तरी परक्या घरातलं उत्तर आणि आमचं उत्तर जुळलं होतं. ह्यांनी मला हातातलं काम टाकायला लावून ते दाखवलं.

"हे तिच्या वेळेत व्हायचं नाही बहुतेक," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला मिळेल."

"मग बंद करताय?"

"छे! त्या पोरीचा बापही घाईतच असेल की."

ती निघाली त्या सकाळी टॅक्सी खाली येऊन थांबली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. ह्यांनी सामान खाली पोचवलं आणि तिला उतरवायला धापा टाकत परत वर आले. एरवी ती ह्यांच्या खांद्यावर भार टाकून उतरते.

"मी एकटी उतरते," ती म्हणाली. "तिकडे तुम्ही कुठे असणार आहात?"

एक हात कठड्यावर. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग जरा दम. मधल्या वळणावर तिचा गुडघा लटपटला. ह्यांनी धाव घेतलीच असती. मी ह्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं. तिने कठडा सावरला, आमच्याकडे न बघता पुढची पायरी घेतली.

खालून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एकदा, मग परत एकदा.

हे जिन्यातून खाली वाकले आणि ओरडले, "थांबा हो जरा! येतेय ती. एवढी घाई कसली?"