डाव्या दिव्याची तार

आमच्या गाडीचा डावा इंडिकेटर लावला की माझी पत्नी शैलजा विझते. प्रथम मी हा योगायोग मानला. मी पदार्थविज्ञान शिकवतो. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाही. म्हणून गाडी आवारात उभी करून मी इंडिकेटर चालू ठेवला, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत मेथी निवडत बसलेली शैलजा त्याच तालात नाहीशी होत आणि परतत राहिली. उजव्या इंडिकेटरचा परिणाम शून्य होता.

मात्र दर खेपेस ती थोडी फिकी होऊन परतत होती. तिच्यातून खिडकीचे गज दिसू लागले, तेव्हा मी गाडी ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली.

"अर्थिंग गेलंय," बॉनेटही न उघडता तो म्हणाला. "पण वहिनींचं वायरिंग आम्ही करत नाही, सर. कंपनीत दाखवा."

कंपनीत सांगितले की वॉरंटी संपली आहे. कोणाची, हे मी विचारले नाही.

मी स्वतःच शिकायचे ठरवले. मोटारीच्या विद्युतरचनेत एक काटकसर असते. दिव्याकडे जाणारी तार एकच. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. पत्र्याशी असलेला सांधा गंजला की प्रवाह शेजाऱ्यातून वाट काढतो. डिकीचे अस्तर काढल्यावर डाव्या दिव्याच्या सांध्यावर एक जास्तीची तार सापडली. ती रबरी बुचातून बाहेर पडून जिन्याने वर गेली होती आणि शैलजाच्या मानेवर, अंबाड्याखाली, संपत होती.

"ही कधीपासून आहे?"

"लग्नापासून असेल. तुम्ही कधी मागून बघितलंय मला?"

तिला स्वतंत्र सांधा देणे आवश्यक होते. मी उघड्या पत्र्यासाठी रंग खरवडू लागलो. रंगाखाली रंग निघाला, त्याखाली आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा निळा चुना, त्याखाली पुन्हा गाडीचा रंग. दरम्यान तार आखडत गेली. शैलजा आधी जिन्यात, मग आवारात आणि शेवटी माझ्या शेजारच्या सीटवर राहायला आली. तिचे ताट मी तिथेच नेऊन देत असे.

"पत्रा लागला का हो?"

"अजून रंगच आहे."

"मग रंगालाच जोडा. इतकी वर्षं भागलंच ना?"

"रंगातून प्रवाह जात नाही."

"तेच म्हणतेय मी."

सीटबेल्टचे बकल आता तिच्यातून स्पष्ट दिसत होते. आणखी काही दिवसांत फक्त बकल उरले असते. जुना सांधा दोघांना पुरत नव्हता. एकाला पुरला असता. मी डाव्या दिव्याचा बल्ब काढला, त्याच्या जागी तिची तार जोडली, वर काळी टेप गुंडाळली. सीट रिकामी झाली. मी इंडिकेटर लावला. शैलजा उमटली, पूर्वीसारखी लख्ख. मग गेली, मग पुन्हा उमटली.

"चाले—" ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "—ल."

उभ्या गाडीत बॅटरी उतरते, म्हणून आम्ही निघालो. डावा इंडिकेटर लावून मी सरळ जात राहिलो. मागचा दिवा काढलेला असल्यामुळे शैलजाने खिडकीबाहेर हात काढला होता.

"मागच्याला कळायला नको का?" ती म्हणाली.

"अहो काकू, वळायचंय का वारा खायचाय?" एक स्कूटरवाला ओरडला.

पुढच्या चौकात सरळ जाणारा रस्ता नव्हता. उजवीकडचाही नव्हता. तिथे भिंती होत्या आणि त्यांचा रंग ओला होता. मी डावीकडे वळलो. वळण पूर्ण होऊन स्टीअरिंग सरळ झाले की इंडिकेटर आपोआप बंद होतो. ही सोय सर्वच गाड्यांत असते.

शैलजाने हात आत घेतला.

"झालं वळण," ती म्हणाली. "आता सरळ घ्या."

मी स्टीअरिंग डावीकडेच धरून ठेवले.