उपग्रह दिसेपर्यंत थांबा

भंगाराच्या खोक्यातून बोलतोय मी. मी जीपीएस. तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात ते सांगणारं, हातात मावणारं यंत्र. आज भंगारवाला येणार आहे, म्हणून म्हटलं, जाता जाता चार शब्द बोलून घ्यावेत.

नकाशे शिकवणाऱ्या बाईंनी मला कॉलेजच्या भूगोल विभागात आणलं तेव्हा माझा काय थाट होता! मला हात लावायला मुलांची झुंबड उडायची. बाईंचा दंडक एकच होता, "उपग्रह दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही." मला आभाळ चाचपायला वेळ लागायचा. तोवर पाहणीसाठी लोकांच्या दारात ताटकळलेली मुलं पाहून घरातली माणसं बाहेर यायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. खरी माहिती तिथेच मिळायची.

त्या मुलांत एक मुलगी होती. इतकी घाईची, की सगळे तिला धांदल म्हणायचे. ओढ्याकाठच्या वस्तीत ती मला घेऊन घरोघर फिरली. तिथे नळ नव्हता, कारण नकाशात वस्तीच नव्हती. एक आजी तिला म्हणाली, "पोरी, आम्हाला कागदावर तरी आण गं. पाणी वाहून कंबर गेली माझी."

धांदलने परत येऊन संगणकात आकडे भरले, आणि अख्खी वस्ती भर समुद्रात उमटली! अक्षांशाच्या रकान्यात रेखांश भरले होते. बाई पोट धरून हसल्या. "अगं, पाणी मागितलं होतं त्यांनी, पण इतकं नाही!" पोरगी रडकुंडीला आली. मग एकेक आकडा तपासून तिने वस्ती ओढ्याकाठी परत आणली. पुढे तिथे नळ आला. त्याची जागाही बाईंनी माझ्यातच नोंदवली.

मग मोबाइल आले आणि मला कुणी विचारेना. बाईही निवृत्त झाल्या. त्यांची फार आठवण येते हो.

आत्ताच नव्या बाईंनी मला खोक्यातून उचललं. बघतो तर काय, धांदल! चष्मा लागलाय, पण घाई तीच. शेजारची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे कशाला? मोबाइलवर लगेच येतं की."

"लगेच येतं, तीच तर अडचण आहे," ती म्हणाली. तिने पिनेने माझ्या पोटातला गंज खरवडला, नवे सेल घातले आणि मला अंगणात नेलं. शिपाईकाका खोलीतून बाहेर आले. "काय शोधताय, बाई?"

मंडळी, मला जरा वेळ द्या. उपग्रह अजून दिसत नाहीत. धांदल काकांशी बोलत उभी आहे, आणि जागची हललेली नाही.