सातव्या प्रश्नाचं उत्तर

पियुषचं पत्र येऊन दीड महिना झाला, तरी नीलकंठरावांनी उत्तर दिलं नव्हतं. हा पुतण्या त्याच शहरातल्या शंकर नगरात विम्याचं काम करायचा. काका फोन उचलत नाहीत म्हणून त्यानं त्यांच्या पुरानी बस्तीतल्या पत्त्यावर चक्क टपालानं पत्र धाडलं होतं: 'काका, मेडिक्लेम तो है ही, पण काकींसाठी कॅन्सरची वेगळी पॉलिसी घेऊन ठेवा. सत्तरी लागली की मिळणार नाही. फॉर्म साथ में है.'

काकींच्या, म्हणजे मंदाकिनीबाईंच्या, सत्तरीला आता बाराच दिवस उरले होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेलेल्या नीलकंठरावांनी माहितीपुस्तिका तीनदा वाचली. समासात पेन्सिलीनं शंका लिहिल्या, मग त्या शंकांबद्दलच्या शंका लिहिल्या. पण गाडी अडली होती ती फॉर्मातल्या सातव्या प्रश्नाशी. तंबाखूचं सेवन करता का?

मंदाकिनीबाई रोज सकाळी न्हाणीघराला आतून कडी लावून अर्धा तास गुडाखू घासत. तंबाखू नि गुळाची ती काळी पेस्ट शिकेकाईच्या डब्यात लपवलेली असे. नीलकंठराव तेवढा वेळ बाहेर पेपर वाचत, आपल्या गावीच नाही असा चेहरा करून.

"दीड महिन्यापासून तो कागद घेऊन काय करून राहिले?" भाजी निवडता निवडता बाईंनी विचारलं.

"यात विचारलंय... तंबाखूचं."

"तुमी कुठं खाता?"

"माझं नाही. तुझं."

बाईंचा हात थांबला. "मी कुठं खाते? मी दात घासते."

"अर्धा तास?"

"बत्तीस दात असतात माणसाले."

"तुला सतरा आहेत," नीलकंठरावांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते स्वतःच दचकले.

"कधीपासून मालूम आहे तुमाले?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मी पंचेचाळीस वर्षं तिथं उकिडवी बसून गुडघे घालवले. अंगणात नसती का बसली?" मग त्या म्हणाल्या, "'नाही' लिहून टाका ना."

"उद्या काही झालं तर कंपनी हात वर करेल. 'हो' लिहिलं तर कदाचित देणारच नाहीत."

बाईंनी भाजी बाजूला सारली. "आमची सुशीलाताईबी दातच घासायची," त्या हळूच म्हणाल्या. थोरल्या बहिणीचं शेवटी तोंड उघडत नव्हतं, ते दोघांनीही पाहिलं होतं. "आणा इकडं. कुठं करू सही?"

नीलकंठरावांनी चार कच्चे मसुदे करून पाचवं पत्र लिहिलं: 'चि. पियुष, पॉलिसी घ्यायची आहे, सही केलेला फॉर्म सोबत. मिळेल का, बघ. सातव्याचं उत्तर हो. पंचेचाळीस वर्षं, दिवसातून एकदा.'

"दोनदा," बाई मागून वाचत होत्या. "दुपारी तुमी झोपता तवा."

त्यांनी 'एकदा' खोडून 'दोनदा' केलं.

टपालपेटीपाशी त्यांचा हात अडला. पत्ता बरोबर आहे ना, तिकीट पुरेल ना.

"द्या इकडं," बाई म्हणाल्या, आणि पाकीट पेटीत पडलं.