उलटी शिवलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड रहस्यकादंबरी आहे. पण माझ्या शेवटच्या पानावर कुणीही मेलेलं नसतं.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. एका गावात एकामागून एक चार खून होतात. एक फौजदार काळात मागे जाऊन ते थांबवू पाहतो आणि दर वेळी जरासा उशिरा पोचतो. शेवटी तो एकटाच उरतो. वाचनालयात माझ्यावर उड्या पडत. कुणी मला उशाशी घेई, कुणी जेवणाच्या डब्याशेजारी. इतक्या हातांतून फिरून माझी शिलाई उसवली आणि मी बाइंडरकाकांकडे गेले.

त्यांनी माझे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, सुटे केले. दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं, पाठीला खळ लावली. दर फर्म्यात एक प्रकरण होतं. फक्त शेवटचा फर्मा पहिला लागला, पहिला शेवटी गेला आणि मधलेही त्याच उलट्या ओळीत.

गंमत म्हणजे वाचकांना ती चूक वाटलीच नाही!

"पानांचे आकडेसुद्धा मागे उड्या मारतात! काय डोकं आहे लेखकाचं!" वाचक म्हणत.

मी स्वतःच थक्क झाले होते. आता सुरुवातीलाच फौजदार एकटा उभा असे. मग मेलेला शिंपी पुन्हा मशीनवर बसे. मग नर्स, मग घड्याळजी, मग त्याची म्हातारी आई. शेवटच्या पानावर चौघं एका टेबलाशी बसून आमटीतल्या मिठावरून भांडत. एवढ्याशा दोऱ्याने गेलेली माणसं परत आणावीत, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे बाइंडरकाका वारले. दुकान त्यांची लेक पाहू लागली. काही दिवसांनी ग्रंथपाल बाईंनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"फर्मे उलटे लागलेत गं. एका शिस्तीच्या वाचकाने तक्रार केलीय. उकलून सरळ लाव."

"बाबांच्या हातून? शक्यच नाही, मावशी."

"तुझी आई गेली त्याच आठवड्यात शिवलं होतं त्यांनी. मी दाखवलं, तर म्हणाले, कुणी ओरडलं की आणा. आज पहिल्यांदा कुणीतरी ओरडलंय."

बाई गेल्यावर लेकीने सुरी घेतली. पातं माझ्या पाठीला टेकलं. दोरा तुटला की चौघं पुन्हा ओळीने मरणार!

तिने दोऱ्यावरून बोट फिरवलं. प्रत्येक गाठ दुहेरी होती. काका तशीच मारत. तिने सुरी बाजूला ठेवली आणि मला वाचायला घेतलं. दुपार कलली. मिठाच्या भांडणापाशी तिला हसू आलं. मग कितीतरी वेळ तिला ते पान मिटवेना.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. "झालं सरळ?"

"पुठ्ठा नवा घातलाय. शिलाई पक्की आहे."

"आणि क्रम?"

"तोही पक्का आहे, मावशी. तक्रार करणाऱ्यांना म्हणावं, शेवटपर्यंत वाचा."

बाईंनी मला उघडून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, आता मी थकलेय. मला जरूर वाचा. पण उघडी पालथी टाकू नका, पाठ मोडू नका. त्या दोऱ्याच्या भरवशावर चौघं टेबलाशी बसलेत. त्यांचं जेवण अजून व्हायचंय.