तळातला खडा

"पेटलं! पाणी पेटलं!"

चौकातली गर्दी एकदम मागे सरली. एउसेबियाबाईच्या, तिकडच्या भाषेत डोन्या एउसेबियाच्या, घरून आणलेल्या वाडग्यात खडा पडताच पाण्यावर जांभळी ज्योत सुसाट फिरत होती.

"पर्वताचे अश्रू खोटं बोलत नाहीत!" गावात नुकताच आलेला बाबा, डॉन अबुंदियो, गरजला. "चेटकिणीच्या घरचं पाणी विस्तव धरतं. हिचा लामांचा कळप विटाळलाय. जनावरं माझ्या हवाली करा, शहराकडे नेऊन शुद्ध करतो. आणि ही बाई गावात नको!"

आधी बाकीच्या घरांच्या पाण्यात त्याने 'अश्रू' म्हणून असेच खडे सोडले होते. तिथे नुसते बुडबुडे आले; म्हणजे घर निर्मळ. मिठाच्या मैदानाकाठच्या त्या गावात महिनाभर उंटाच्या कुळातले ते लोकरीचे लामा पटापट मरत होते. खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. एउसेबिया विधवा, एकटी, आणि तिचाच कळप तेवढा धडधाकट.

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या देल्मिरा युक्राला पहिल्यापासूनच हे खटकत होतं. बाबाच्या खड्यांच्या बरणीला अत्तर फासलेलं, तरी रॉकेलचा वास लपत नव्हता. इतरांच्या वेळी त्याचा चिमटा वर तरंगणारा खडा उचलायचा. एउसेबियाच्या वेळी तो थेट तळाशी गेला. आणि रॉकेलवर तरंगतो तो कसला दगड?

"डॉन क्रिसांतो," ती गावच्या मुखियाला म्हणाली, "परीक्षा पुन्हा घ्या. चिमटा तुमच्या हातात."

"परका हात लागला तर पर्वत कोपेल!" अबुंदियोने बरणी छातीशी धरली.

"पर्वत आमचा. तुम्ही कालचे पाहुणे," क्रिसांतो म्हणाला. "आणा इकडे."

देल्मिराने मुखियाच्याच घरचं पाणी दोन वाडग्यांत ओतलं. एउसेबिया तिच्या कानाशी पुटपुटली, "पोरी, पुन्हा पेटलं तर?"

"पेटणारच, आजी. कुठलं ते आधीच सांगते. डॉन क्रिसांतो, या वाडग्यात वरचा खडा टाका, त्यात तळातला. आणि सगळे लांब व्हा."

पहिल्यात बुडबुडे आले. दुसऱ्यात खडा पडतो न पडतो तोच जांभळा जाळ उठला.

"आता मुखियाही चेटक्या का?" गर्दीतून कुणीतरी हसत ओरडलं. क्रिसांतो मात्र हसला नाही.

"वरचा लिथियम, आपल्या मिठाखालच्या खारपाण्यातून काढतात तोच," देल्मिरा म्हणाली. "इतका हलका की रॉकेलवरही तरंगतो. तळातला पोटॅशियम. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघं एकाच उभ्या रांगेत, मध्ये सोडियम. खाली जावं तसा अणू मोठा होतो, त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन गाभ्यापासून लांब पडतो, पकड ढिली होते. म्हणून वरचा पाण्यात नुसता कुरकुरतो आणि खालचा भडकतो. पाणी कुणाच्या घरचं, हे त्या धातूला काय कळणार? ते कळत होतं चिमटा धरणाऱ्याला."

अबुंदियो बोचकं उचलून निघाला होता. मुखियाच्या माणसांनी त्याला धरून पोलिसांकडे नेलं.

"माफ करा, डोन्या," शेजारीण खालमानेने म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलं ना आम्ही..."

"जाळ पाहिलात. त्याचा हात कुणी पाहिला?" एउसेबिया म्हणाली. "आणि लामा मरतायत ते मरतायतच. आता तरी गुरांच्या डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. एउसेबियाचे लामा डोंगरातल्या झऱ्यावर पाणी पीत. बाकीच्यांचे गावच्या डबक्यावर. रोग त्या डबक्यात होता. महिनाभर त्याकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. मरणाचं कारण शोधायला कष्ट पडतात, चेटकीण शोधायला पडत नाहीत. म्हणून तर आपल्याला चेटकिणी इतक्या लवकर सापडतात. कुणी माणसाकडे बोट दाखवलं, की आधी बोट दाखवणाऱ्याला सांगा: चिमटा इकडे द्या.