माळीबुवांच्या घरातलं तण

"माझ्या सदऱ्यांत आघाडा कुणी टांगला?" माळीबुवा कपाटात डोकं खुपसून ओरडले. गणवेशाच्या बाहीला काटेरी बियांची रांगच चिकटली होती.

"मीच," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "वाळायला अंधार लागतो. उन्हात रंग उडतो."

"अगं, दिवसभर मी ह्यांना उपटतो आणि हे माझ्याआधी घरी येऊन बसतात! लोक म्हणतील, माळ्याच्याच घरात तण माजलंय."

"म्हणू देत. ह्यावर साहेबांचं नाव तर नाही ना लागत!"

हे मात्र वर्मी लागलं. शहरातल्या मोठ्या बागेत माळीबुवा सत्तावीस वर्षं गुलाबांची निगा राखत होते. दरवर्षी बागेतच भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात त्या गुलाबांना बक्षीस मिळे, आणि कार्डावर नाव असे साहेबांचं. माळीबुवांनी कधी तक्रार केली नाही. पण त्या आठवड्यात त्यांची एक पोळी कमी होई, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

तिला हे वेड लागलं ते मुलगी सासरी गेल्यावर. मुलीच्या रिकाम्या खोलीत पाऊल ठेववेना, म्हणून तिने तिथे दोऱ्या बांधल्या आणि ओढ्याकाठचं कुर्डू, पेटारी, रानगवत आणून उलटं टांगलं. महिन्याभरात खोली भरली, मग कपाट. एकदा ओढ्यातलं पाणकणीस तोडायला उशीर झाला आणि ते घरात टांगल्यावर, नेमकं व्याही आलेले असताना फुटलं. घरभर कापूस! व्याह्यांच्या मिशा, चहा, बिस्किटं, काही म्हणून सुटलं नाही. विहीणबाई शिंकता शिंकता हसत सुटल्या आणि जाताना कुर्डूची एक जुडी मागून घेऊन गेल्या.

त्या वर्षी बायकोने प्रदर्शनाचा अर्ज स्वतःच भरला. गट : वाळवलेली पुष्परचना.

"रोपांची नावं लिहायचीत. सांगा ना."

"तणाला कसलं आलंय नाव?" माळीबुवांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. रकाना कोराच राहिला.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापिका तिच्या मडक्यापुढे थांबल्या. "ही चक्रासारखी फळं कशाची हो?"

"सगळ्यांची नावं नाही येत मला. वाळवायचं तेवढं येतं."

"रकाना कोरा असला की बाद करावं लागतं, बाई," बरोबरचा कारकून पुटपुटला.

बायकोचा चेहरा उतरला. तिने मडकं उचलायला हात पुढे केला, तोच मागे झारी घेऊन उभे असलेले माळीबुवा पुढे झाले.

"पेटारी," ते म्हणाले. "ती पेटारी, बाई. मूळ खोल असतं, ओढलं तर वरच तुटतं आणि आठ दिवसांत पुन्हा हजर! हे कुर्डू. एक सोडलं तर पुढच्या वर्षी शंभर. हा आघाडा, माझ्या कपाटातला. आणि हा टाकळा. बघा, शेंग तडकायच्या आत तोडलाय. दोन दिवस उशीर झाला असता तर..." ते थबकले आणि बायकोकडे वळले. "तुला गं कसं कळलं?"

"कशाचं बी कधी पडतं, हेच रडगाणं ऐकत आलेय इतकी वर्षं. जेवताना दुसरं काय बोलता तुम्ही?"

प्राध्यापिका मनापासून हसल्या. "घ्या लिहून," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि रचना कोणाची?"

"दोघांची," बायको म्हणाली. तिने आधी नवऱ्याचं नाव सांगितलं, मग स्वतःचं, आणि कारकून ते नीट लिहितोय ना, हे वाकून पाहिलं.

पहिलं बक्षीस एका डॉक्टरीणबाईंना गेलं. ह्यांना तिसरं. साहेब येऊन म्हणाले, "काय माळीबुवा, तण घरी नेता होय?"

"काय करणार साहेब? बागेत ठेवलं तर तुम्ही रागावता!"

संध्याकाळी प्रदर्शन आवरलं. इतरांची कोमेजलेली फुलं माळीबुवांनी ढकलगाडीतून खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली, हात धुतले आणि मडकं दोन्ही हातांनी उचललं. बायको गर्दीतून वाट काढत पुढे निघाली. "सरका हो, जरा सरका. झडेल!"

मागून कुणीतरी हॉर्न दिला. तुरे नाकाला गुदगुल्या करत होते. आलेली शिंक दाबत, गणवेशातले माळीबुवा रस्त्याच्या मधोमध एकेक पाऊल जपून टाकत चालत राहिले.