वन्संसाठी पोंचो

वन्संच्या घरी धाकटीला एक नाव होतं, टेबलक्लॉथवाली. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्या घराच्या भिंती पातळ होत्या आणि वन्संचा आवाज जाड. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धाकटीनं हौसेनं क्रोशाचा एक गोल रुमाल विणून वन्संना, थोरल्या नणंदेला, दिला होता. पुढच्या खेपेला गेली तेव्हा तो कुंडीखाली होता, आणि कुंडी गळकी होती.

वन्संच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी दुपारी विणकामाचा वर्ग भरायचा. सहा बायका, बारा सुया, आणि बोलणाऱ्या एकट्या वन्सं. "हात दोन आहेत ना? मग सुयाही दोन," हे त्यांचं पहिलं वाक्य. "आकडीनं विणतात ते टीव्हीवर घालायचे रुमाल. माणसाच्या अंगावर घालायचं ते सुयांवरचं." क्रोशाच्या सुईला त्या सुई म्हणतच नसत. आकडी.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, कानामागच्या दांड्या वाकवायच्या, नाकावरचे पॅड सारखे करायचे. दिवसभर वीतभर अंतरावरून लोकांचे चेहरे न्याहाळून तिचं माणसांबद्दलचं मत तसंही फार चांगलं उरलं नव्हतं. वन्संबद्दलचं तर मुळातच नव्हतं. शाळेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी घरी आलेल्या माणसाची हजेरी घेणारी बाई! आणि विणते काय, तर तोच व्ही गळ्याचा स्वेटर. दरवर्षी फक्त रंग वेगळा.

वन्संना सत्तर पूर्ण होणार होती. नवरा म्हणाला, "विकतचं काहीतरी देऊन टाकू. ताई कशातही खोट काढणारच."

"मी पोंचो विणते," धाकटी म्हणाली.

"क्रोशाचा? अगं, कशाला उगीच..."

"क्रोशाचाच. पण दिसेल सुयांवरचा. त्यांना कळणारसुद्धा नाही."

नवऱ्यानं वर्तमानपत्र वर केलं. बहीण आणि बायको एका वाक्यात आल्या की तो असाच वर्तमानपत्रामागे जायचा.

युक्ती तशी साधी होती. नेहमी आकडी घालतात ती टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांखाली. तिथं न घालता थेट टाक्याच्या पोटात, त्याच्या दोन तंगड्यांच्या मधोमध घालायची. हात सैल ठेवायचा, आकडी एक नंबर मोठी घ्यायची आणि काम उलटायचं नाही, गोल गोल एकाच दिशेनं जायचं. मग एकावर एक अशा बारीक वेण्या उभ्या राहतात, हुबेहूब सुलट टाक्यांच्या. पोंचोला बाह्या नसतात, तो डोक्यातून घालायचा; म्हणून गळ्यापासून सुरुवात, पुढं आणि मागं बरोबर मध्यावर दर फेरीत दोन टाके वाढवायचे, की दोन्हीकडं टोक खाली उतरत जातं.

सांगायला साधं, पण तंगड्यांमधून आकडी घालता घालता पहिल्या आठवड्यात तिच्या बोटाचं सालपट निघालं. लोकर अशी खाल्ली की दुकानदारानं विचारलं, "तंबू विणताय का?" तीन महिने दुपारच्या सुट्टीत, भाजी शिजेपर्यंत, बस येईपर्यंत ती विणत राहिली, आणि प्रत्येक फेरीगणिक मनातल्या मनात वन्संचा चेहरा बघत राहिली. आधी कौतुकानं हात फिरवतील. "कुठल्या सुया वापरल्यास?" विचारतील. मग ती शांतपणे सांगेल, "आकडी."

सत्तराव्या वाढदिवसाला वन्संनी पोंचो उलगडला, मांडीवर पसरला, खिडकीकडं धरला. राखाडी, जाड, खालच्या काठाला पट्टीपट्टीची वीण.

"कुणाकडून विणून घेतलास?"

धाकटीला हे अपेक्षित नव्हतं. "मी विणला."

"हो का," वन्सं म्हणाल्या, आणि समोरच्या पाहुण्यांकडं वळून हसल्या. "आमची धाकटी विणायला लागली बरं का!" पोंचोची घडी घालून त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला.

आकडी हा शब्द धाकटीच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. इथं चार पाहुण्यांत कशाला? घालू दे तिला रस्त्यावर, मिरवू दे वर्गात, मग सांगू. तिला वन्संची कीव यायला लागली होती, आणि ती कीव तिला फारच गोड लागत होती. चाळीस वर्षं विणते म्हणे! मांडीवर घेऊन डोळ्यांसमोर धरलं तरी कळत नाही.

दहा दिवसांनी वर्गातली एक बाई चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला दुकानात आली. "तुमच्या नणंदेनं काय सुरेख पोंचो विणलाय हो! गेल्या शनिवारी घालून बसल्या होत्या. येत्या शनिवारपासून आम्हाला शिकवणार आहेत."

"त्यांनी विणलाय?"

"हो. त्याच म्हणाल्या ना."

धाकटीनं स्क्रू इतका आवळला की दांडी मिटेना. सैल करून पुन्हा बसवला. रागापेक्षा तिला आनंदच जास्त झाला. वन्सं हट्टी होत्या, तोंडाळ होत्या हे माहीत होतं. आता खोटारड्याही निघाल्या. म्हणजे लग्नापासूनचं, अकरा वर्षांचं तिचं मत सव्याज बरोबर ठरलं.

गुरुवारी दुपारी वन्सं स्वतः दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत पोंचो. काउंटरपाशी उभ्या राहून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मालक जेवायला गेला होता.

"धाकटे, हे मला शिकव."

"काय शिकवू? तुमच्या सुया आणल्यात का?"

"वेड पांघरू नकोस. त्याच दिवशी उलटी बाजू पाहिली मी, पाहुणे गेल्यावर. सुयांवरचं असं दिसतं होय आतून?"

उलटी बाजू. पोंचोला अस्तर लावायचं धाकटीच्या मनातही आलं नव्हतं.

"मग वर्गात स्वतःचं नाव का सांगितलंत?"

"तोंडातून गेलं," वन्सं म्हणाल्या. "सगळ्या बघत होत्या. आकडीचं आहे म्हणाले असते तर तीस वर्षं काय बडबडले ते सगळं वाया. शिकव आता. मला वेळ नाही."

गरज हिला, आणि वेळही हिलाच नाही! धाकटीनं त्यांना मागच्या खोलीत नेलं, काचा घासायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसवलं, हातात आकडी दिली आणि टाका दाखवला, मुद्दाम एकदाच, मुद्दाम भरभर. मग हाताची घडी घालून बघत उभी राहिली. ही आता चाचपडेल. आकडी पेनासारखी धरेल. धागा दुभंगेल, बोट सोलेल, "पुन्हा दाखव" म्हणेल.

वन्संनी पहिले चार टाके चुकवले. पाचवा बरा आला. दहाव्यापाशी त्यांचा हात सैल झाला. अर्ध्या तासात तळहाताएवढा तुकडा झाला, आणि तो धाकटीच्या पोंचोपेक्षा सपाट होता. धाकटीला हे लगेच दिसलं. दिसावं अशी तिची अजिबात इच्छा नव्हती.

"गोल गोल जाताना टाके उजवीकडं झुकतात बघ," वन्सं नाकावरचा चष्मा सारत म्हणाल्या. "म्हणून तुझी वाढीची मधली रेघ सरकलीय. गळ्याशी मधे आहे आणि टोक गेलंय पार एका मांडीवर. दर चार-पाच फेऱ्यांनी वाढ एक टाका पुढं घ्यायला हवी होती. घातल्यापासून बघतेय, सारखं ओढून सरळ करावं लागतं."

धाकटीनं पोंचो उचलून पाहिला. रेघ सरकलीच होती. तीन महिने वीतभर अंतरावरून तिनं एकेक टाका पाहिला होता, आणि लांबून एकदाही पाहिलं नव्हतं.

"वर्गात खरं सांगणार असाल तरच शिकवा," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन."

"शनिवारी ये," वन्सं म्हणाल्या आणि पोंचो पिशवीत, आकडी पर्समध्ये टाकून निघून गेल्या. धाकटीची आकडी.

धाकटीनं शनिवारी अर्धा दिवस रजा काढली. चांगली साडी नेसली. सहा बायका गोल बसल्या होत्या, मधे वन्सं, त्यांच्या मांडीवर पोंचो.

"मागं मी म्हटलं, हा मी विणलाय," वन्संनी सुरुवात केली. "खोटं बोलले. हा हिनं केलाय. माझ्या भावजयीनं. आकडीनं."

बायकांनी धाकटीकडं पाहिलं. एक "अगंबाई!" म्हणाली. धाकटीनं मान थोडी वर केली. ज्या क्षणासाठी तिनं तीन महिने बोट सोलून घेतलं, तो आला होता. किती वेळ टिकला असेल? एखादा सुलट टाका पडायला लागतो तेवढा.

"आणि आता बघा, कुठं चुकलंय ते," वन्सं म्हणाल्या. काठाची गाठ नखानं सोडली, धाग्याचं टोक धरलं आणि खेचलं.

पट्टीचा काठ सर्र करून निघून आला. मग एक फेरी. मग दुसरी. वन्सं बोलत होत्या, कुठला टाका झुकला, कुठं पुढं घ्यायचा, आणि बोलता बोलता डाव्या हातानं लोकरीचा गुंडा करत होत्या. बायका माना हलवत होत्या. "चिंता नको, मी सरळ करून देते तुला," त्या धाकटीला म्हणाल्या. खोटं वाटेल, पण त्यांचा स्वर प्रेमळ होता. तो प्रेमळ स्वरच धाकटीच्या टाळक्यात गेला.

ती उठली, पोंचो वन्संच्या मांडीवरून ओढला, डोक्यातून घातला आणि दाराबाहेर पडली.

गुंडा मात्र वन्संच्या हातात होता. धाकटी जिन्यावरून उतरू लागली तशी तिच्यामागं लोकर सुटत गेली. पहिल्या वळणापर्यंत एक फेरी गेली. वर कठड्याशी वन्सं आणि त्यांच्या मागं सहा डोकी.

"अगं, सोड तो! उसवतोय!"

"तुम्ही गुंडा सोडा!"

"वाकडा आहे तो!"

"वाकडा तर वाकडा! माझा आहे!"

"मला दिलेला आहेस!"

हे खरं होतं. धाकटी क्षणभर थांबली. मग तिनं धागा दातांनी तोडला, सुटलेला टाका बोटात अडकवून धरला आणि खाली उतरून गेली. रस्त्यावर लोक बघत होते. सत्तर वर्षांच्या बाईच्या मापाचा पोंचो, कोपरापर्यंत आखूड झालेला, टोक एका बाजूला. तिनं सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू त्यांच्याच चष्म्याचा नंबर चुकलाय.

घरी नवरा दारातच भेटला. पोंचोकडं बघत राहिला.

"ताई काय म्हणाली?"

"रेघ वाकडी आहे म्हणाल्या."

"आहे?"

"आहे."

"मग आता?"

धाकटी खुर्चीत बसली. बोटात अडकवलेला टाका तिनं अजून सोडला नव्हता. "खणातली दुसरी आकडी द्या," ती म्हणाली. "आणि तुमच्या बहिणीचा फोन आला तर सांगा, मी घरात नाही."

फोन पाचच मिनिटांत आला. नवऱ्यानं तो घेतला, थोडा वेळ ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "ताई विचारतेय, गुंडा पाठवून देऊ का."

"ठेवून घ्या म्हणावं," धाकटी म्हणाली आणि टाका आकडीवर घेतला. "कुंडीखाली घालायला."